जमा केलेला पट्टा

दोन हजार तेवीस साल, मला एकाहत्तरावं चालू. त्या साली माझ्या पोरीनं नऊ हजार रुपये भरून माझं नाव एका शर्यतीत घातलं. मला न विचारता घातलं असं मी चारचौघांत सांगतो, पण ते खरं नाही. तिनं विचारलं होतं आणि मी व्हय म्हणालो होतो.

शर्यतीला ट्रायथलॉन म्हणतात. आधी धरणात पोहायचं, मग सायकल मारायची, मग पळायचं, मध्ये बूड टेकायचं नाही. पोरगी रावेतला चौदाव्या मजल्यावर राहते, हिंजवडीत कंपनीत जाते. जावईही तिथंच. आदल्या वर्षी ती एकटीच या शर्यतीत उतरली होती. धरणात मध्यावर गेल्यावर पाय लटलटले, वेळ संपली, बोटवाल्यांनी तिला उचलून काठावर आणलं. सायकलला हात लावायच्या आधीच तिची शर्यत संपली. भरलेले पैसे गेले. तिला एकदा शेवटच्या रेघेवरून जायचं होतं आणि नावापुढं आपला वेळ लिहिलेला बघायचा होता. बाकी तिचं काही मागणं नव्हतं.

म्हणून या खेपेला तिघांची टीम. पोहायला मी, सायकलला ती, पळायला जावई.

मला या पैशांचा राग होता. मी चौथी शिकलेला माणूस. मोशीच्या पुढं आमचं गाव, तिथून भोसरीच्या कंपनीत, पत्रा दाबायच्या प्रेस शॉपमध्ये, एकतीस वर्षं सायकलवर गेलो आणि आलो. रात्रपाळी असो, ओव्हरटाइम असो. नदीला पूर असताना मी या काठावरून त्या काठाला गेलेलो आहे. त्याची पावती कुणी फाडली नाही. हे मी पोरीच्या घरी सोफ्यावर बसून सांगितलं. जावई शांत माणूस. त्यानं बोटावर मोजून दाखवलं की या पैशांत बोट येते, डॉक्टर येतो, ॲम्ब्युलन्स, बंद रस्त्यावर उभे राहणारे पोलीस, टी-शर्ट, नाष्टा आणि घोट्याला बांधायचा पट्टा येतो. मी म्हणालो, पोलिसांना सरकार पगार देतं, टी-शर्ट माझ्याकडं हायेत. पट्टा कशाला, ते तेवढं सांगा.

पट्ट्यात म्हणे वेळ मोजायचं यंत्र असतं. पोहणाऱ्यानं पाण्यातून येऊन तो पट्टा सायकलवाल्याला द्यायचा, सायकलवाल्यानं पळणाऱ्याला. पट्टा शेवटच्या रेघेवरून गेला तर टीम पुरी झाली. पोरीनं हे मला तीनदा सांगितलं. तिसऱ्यांदा सांगितलं तेव्हा मी चिडलो. मी काय लहान पोर आहे का, असं बोललो.

रविवारी उजाडताना आम्ही धरणावर पोचलो. सगळी तरणी माणसं, अंगाला चिकटलेले काळे कपडे घातलेली. मी आपला नेहमीच्या चड्डीत. एकानं माइकवर नियम सांगितले, अर्धे इंग्रजीत आणि अर्धे हिंदीत. मी मान हलवत राहिलो. शेजारच्या एका मुलानं, बाबा, समजलं का, असं विचारलं. समजलं म्हणालो.

पाणी गार होतं, पण आमच्या विहिरीपेक्षा गार नव्हतं. मी हात मारतो तो गावचा, आडवा. डोकं वर ठेवून. बाकीचे पुढं गेले, मी माझ्या चालीनं निघालो. बोटवाला मुलगा माझ्या मागं मागंच होता. बोटीला धरून जरा दम घ्या बाबा, म्हणाला. मी म्हणालो, तू घे दम, मला अजून लांब जायचंय. पाऊण किलोमीटर होतं. शेवटच्या वळणावर धाप लागून छाती भरून आली होती, ते मी तेव्हा कुणाला सांगितलं नाही. आज लिहितोय.

पाण्यातून वर आलो. पुढं चटई, चटईपुढं टेबल, टेबलाशी एक पोरगी बसलेली. तिच्या पायाशी प्लॅस्टिकचा क्रेट, भाजी मार्केटात असतो तसला. लहान अंतराची नुसती पोहायची शर्यत आमच्या आधी सुटून संपली होती, त्या लोकांचे पट्टे क्रेटमध्ये पडलेले.

आता आमच्या कंपनीचं सांगतो. गेटवर फळा होता, त्यावर पितळेचे बिल्ले टांगलेले. माझा चारशे अठरा. आत जाताना बिल्ला घ्यायचा, काम संपलं की टाइम ऑफिसच्या खिडकीखाली पेटी होती त्यात टाकायचा. बिल्ला पेटीत पडला म्हणजे पाळी संपली, माणूस मोकळा. विसरून घरी नेला तर अर्धा दिवस कापायचे. एकदा मी नेला होता. गावाच्या वेशीत आल्यावर खिशात लागला. सायकल वळवली, परत भोसरीला जाऊन टाकला आणि मग जेवलो. एकतीस वर्षांत माझा अर्धा दिवस कधी कापला गेला नाही.

त्या सकाळी माझं काम संपलं होतं. मी वाकलो, पट्टा सोडला आणि क्रेटमध्ये टाकला. टेबलाशी बसलेल्या पोरीनं नंबर बघून कागदावर खूण केली, थँक यू अंकल म्हणाली. मी अगदी मोकळा होऊन पुढं चालत गेलो.

माझी पोरगी हेल्मेट घालून, सायकल धरून उभी होती. तिनं हात पुढं केला.

"पट्टा द्या, आप्पा."

"जमा केला की."

जावई धावला. क्रेटमध्ये शंभर तरी पट्टे असतील, त्यात त्यानं आमचा शोधून काढला, पण तोवर पंच आला. चांगला माणूस होता, आवाज चढवला नाही. म्हणाला, पट्टा जमा झाला, कागदावर खूण झाली, आता टीम बाहेर. ताईंना सायकल मारायची असेल तर मारू द्या, पळायचं असेल तर पळू द्या, कुणी अडवणार नाही. फक्त नोंद होणार नाही.

यावर मी जे बोललो ते माझं नेहमीचं बोलणं होतं. घरी सोफ्यावर बसून हेच सांगत आलो होतो.

"मग जा की. रस्ता तोच हाय. फुकटात."

तिनं हेल्मेट काढलं. आवाज साधाच होता, कामावरच्या माणसाशी बोलावं तसा.

"आप्पा, गावातल्या सगळ्या पोरांना तुम्ही विहिरीत पोहायला शिकवलंत. फुकटात. मला एकदा उतरवलं असतंत तर मला आज तुमच्याकडं पट्टा मागायला लागला नसता."

तिनं सायकल गाडीवर बांधली. नाष्ट्याची पाकिटं मिळाली ती आम्ही गाडीत बसून खाल्ली. पोहे गार होते.

वाटेत जावयानं मोबाइल माझ्या पुढं धरला. त्यात टीमचा नंबर, खाली तीन ओळी. पहिल्या ओळीत सव्वीस मिनिटं आणि काही सेकंद. तो माझा वेळ. खालच्या दोन ओळी रिकाम्या. मी मोबाइल परत दिला, मग थोड्या वेळानं परत मागून घेतला आणि पुन्हा वाचलं. त्या आकड्याला पैसे पडतात हे मला पटत नव्हतं, पण मला तो बघावासा वाटला एवढं खरं. तिला तिची ओळ बघायची होती.

मला त्यांनी गावात सोडलं. दुपारभर मी ओट्यावर बसून होतो.

विहीर आता नाही. बुजवली. तिथं एका गोदामाचं कंपाउंड आहे, कंटेनर उभे असतात. पण तेव्हा उन्हाळ्यात रोज सकाळी दहा-बारा पोरं माझ्याबरोबर असायची. ट्रकची हवा भरलेली ट्यूब पोराच्या कमरेला अडकवायची आणि वरून ढकलायचं. आठ दिवसांनी ट्यूब काढायची. एकही पोरगा बुडाला नाही. आमची पोरगी तेव्हा सात-आठ वर्षांची. रोज यायची. पायरीवर बसून पोरांचे कपडे राखायची. कुत्र्यानं एकाचा सदरा ओढला तर धावून परत आणायची. तिची आई एकदा म्हणाली होती की तिलाही घ्या. मी म्हणालो, पोरीच्या जातीला पोहून कुठं जायचंय. एवढंच बोललो आणि विषय संपला. माझ्या तो लक्षातही नव्हता. तिच्या होता.

नऊ हजार वाया गेले का, असं मला त्यानंतर पुष्कळांनी विचारलं. मी म्हणतो, गेले. माझ्या हातानं गेले, असंही म्हणतो. पण जे मी गावच्या पोरांना फुकट दिलं ते माझ्या पोरीनं तिशी उलटल्यावर पैसे भरून कुठल्याशा पोहण्याच्या तलावात घेतलं, आणि तेही अर्धंच मिळालं, कारण तिथं पायाखाली फरशी असते. तो हिशेब शर्यतवाल्यांकडं मागता येत नाही. रात्री मी लवकर झोपलो.

सोमवारी पहाटे चारला उठलो. चाकण रोडवर पंक्चरचं दुकान आहे, ते ट्रकवाल्यांसाठी केव्हाही उघडं असतं. तिथून ट्रकच्या मागच्या चाकाची जुनी ट्यूब घेतली, दोन ठिगळं लावून घेतली. कुठल्या गाडीला पाहिजे म्हणून त्यानं विचारलं. पोरीला पाहिजे म्हणालो. ट्यूब खांद्यात अडकवून सायकलवर रावेतला गेलो. पोचलो तेव्हा सहा वाजायला आले होते.

गेटवरच्या वॉचमननं वही पुढं केली. नाव लिहिलं, गाव लिहिलं, फ्लॅट नंबर त्यानं सांगितला तो लिहिला. शेवटच्या रकान्यात काम लिहायचं होतं. मला लिहायला वेळ लागतो, मागं दूधवाला थांबला होता, तरी मी सावकाश पुरं लिहिलं: मुलीला धरणात पोहायला शिकवणे. मग वॉचमनला म्हणालो, वर फोन लाव, खाली यायला सांग.