कोपरा कापलेला चष्मा

तावडेकाका ग्रहणाचा प्रत्येक चष्मा टॉर्चसमोर धरून बघत. काळ्या पडद्यात टाचणीएवढा जरी उजेड चमकला, तरी कात्रीने त्याचा कोपरा कापून श्रीखंडाच्या रिकाम्या डब्यात टाकत. वागळे इस्टेटमधल्या कारखान्यात त्यांनी जन्मभर माल तपासण्याचंच काम केलेलं. म्हणायचे, "नापास माल भंगारात देता येतो रे. डोळा कुठे देशील?"

वर्तकनगरच्या आमच्या सोसायटीत गच्चीवरून ग्रहण बघायची सवय त्यांनी लावली. पुठ्ठ्याच्या खोक्यांना भोकं पाडून घराघरांतली माणसं कागदावर सूर्य पाडत. पिठाच्या चाळणीखाली सूर्याच्या शेकडो कोरी उमटत. तळमजल्यावरच्या सावंत आजी मात्र खिडक्या लावून बसत. एका ग्रहणाला काका स्वतः त्यांच्या दारात गेले.

"आजी, नातीला पाठवा. जबाबदारी माझी."

"आमच्यात ग्रहणात पाणीसुद्धा पीत नाहीत हो. पण तुमच्या शब्दावर पाठवते मनूला."

चष्मे वाटायचं काम माझ्याकडे होतं. गर्दी वाढली, चष्मे संपले. "अहो, रांगेतच ग्रहण सुटायचं आमचं!" मागून कोणीतरी ओरडलं. काका पलीकडे खोकी लावण्यात गुंतले होते. मी डब्यात हात घातला. एवढ्याशा ओरखड्याने काय होतंय, असं म्हणून एक चष्मा काढला आणि पुढे आलेल्या हातात दिला. तो हात मनूचा होता.

संध्याकाळी मनू म्हणाली, "आजी, तुझी टिकली कुठे गेली? मधे काळंच दिसतंय."

डॉक्टर म्हणाले, डोळ्याचा पडदा भाजलाय; भरून येईल, कदाचित नाहीही. पुढचे दोन महिने मी चपला हातात घेऊन त्या दारावरून जायचो. बेल वाजली तरी दार उघडायला पुढे व्हायचो नाही. आजींनी काकांना जिन्यातच गाठलं.

"तुमच्या शब्दावर पाठवली होती!"

"तपासणी माझी होती, आजी. चूक माझीच."

मी शेजारी उभा होतो. तोंड उघडलं नाही.

मनूची नजर बरीचशी परत आली. उजव्या डोळ्यातला डाग राहिला. वाचताना ती अजून मान तिरकी करते. काकांनी पुन्हा कार्यक्रम घेतला नाही. मुलाकडे कोपरला राहायला जाताना त्यांनी तो डबा माझ्या हातात ठेवला. आत एकच चष्मा, कोपरा कापलेला.

"मनूकडून त्याच दिवशी घेतला होता," ते म्हणाले. "तू सांगशील म्हणून थांबलो रे."

मी डब्याचं झाकण लावलं आणि त्यांची बॅग रिक्षापर्यंत नेली.

मागच्या महिन्यात काका गेले. हे लिहून झालं की डबा घेऊन आजींची बेल वाजवणार आहे. चपला पायातच ठेवून.