खाडीत वाढलेला पोरगा

भूमी अभिलेखात तीस वर्षं मोडी वाचून मी निवृत्त झाले. त्यानंतर नवीन पनवेलच्या घरी मोडी कागद घेऊन लोक येत, ते बहुतेक जमिनीच्या वादातले. ती अकरा पत्रं मात्र इंग्लंडहून आली, ईमेलवर.

पाठवणारी बाई एका उमरावाची नात होती. तिचे आजोबा दुसऱ्या महायुद्धात आपल्याकडच्या शिपायांवर अधिकारी होते. पुढे पार्लमेंटात निवडून गेले, मंत्री झाले. भाषणं गाजायची. युद्धाबद्दल मात्र घरी कधी अवाक्षर काढलं नाही. ते वारल्यावर कपाटात ही पत्रं सापडली. पहिल्यालाच इंग्रजी भाषांतर टाचलेलं होतं. बाकीची पाकिटं त्यांनी फोडलीही नव्हती.

मी वाचायला घेतली. पनवेलजवळच्या एका गावातल्या आईने कुणाकडून तरी लिहून घेतलेली होती. तिचा मुलगा इटलीत नदीत बुडाला, असं तिला कळवलं होतं. लिहिणाऱ्याने तिची भाषा बदलली नव्हती. 'सायेब, माजा पोर खाडीत वाडला. तो बुरल कसा?' अकराही पत्रांत तेवढंच विचारलं होतं. शेवटच्या दोन-तीन पत्रांत तर दुसरं काहीच नव्हतं.

नातीला मी भाषांतर पाठवलं. तिने उत्तरादाखल आजोबांच्या हातचे काही कागद पाठवले, कधीच न धाडलेली उत्तरं. एक सोडून सगळी 'आदरणीय आई' पाशीच थांबलेली. त्या एकात पुढे होतं: 'तो बुडाला नाही. माझी दुर्बीण पलीकडच्या काठावर राहिली होती. त्याला पोहता येत होतं, म्हणून मी त्याला परत पाठवलं. येताना त्याला गोळी लागली. तोवर माघार घ्यायचा हुकूम आला होता, दुर्बिणीची गरजच उरली नव्हती.'

त्या आठवड्यात भर दुपारी, मिक्सर चालू असतानाही, त्या आईचा प्रश्न कानाशी यायचा. मी नेहमी मेलेल्या माणसांचे कागद वाचत आले होते, पण त्यांतल्या कुणी मला असं विचारलं नव्हतं.

गाव आता विमानतळाच्या जमिनीत गेलंय. चौकशी करत मी उलव्याला पोचले. तिथल्या एका नव्या इमारतीत त्या शिपायाचा पुतण्या राहत होता, पंच्याऐंशीच्या घरातला. खाली खडीच्या क्रशरची धूळ उडत होती, म्हणून त्याच्या सुनेने खिडक्या लावून घेतल्या. मी तो कागद मराठीत वाचून दाखवला.

 ऐकून तो म्हणाला, "ताई, आजी मरंपरत त्याच नादात व्हती. आमाला खाडीत उतरू देत नव्हती. आमच्या घरात कुनालाच पोवता येत नाय."

"काका, त्यांच्या नातीला तुमची माफी मागायचीये. काय कळवू?"

"तिनं काय केलंय?" तो म्हणाला. "आन् सायबाला माफी द्याची तर ती आजीनं. मी कोन देनारा?"

मी तसंच्या तसं लिहून पाठवलं. चार दिवसांनी तिचं एका ओळीचं उत्तर आलं: तुम्ही ते सौम्य केलं नाहीत, याबद्दल आभार.

काम संपलं. पत्रं अजून माझ्या कॉम्प्युटरवर आहेत. पुसायला म्हणून दोनदा बसले, आणि दोन्ही वेळा पहिल्यापासून पुन्हा वाचत गेले.