आकारामच्या कागदावरचे दोन शार्प

मंगळवार पेठेतल्या बाळासोच्या बँडमध्ये आकाराम तरुणपणापासून क्लॅरिनेट वाजवायचा. गाणं एकदा कानावर पडलं की बोटांना सापडायचं. कागदाशी त्याचा संबंध कधी आलाच नव्हता. पण गेल्या दिवाळीनंतर बाळासोनं मोठा की-बोर्ड आणला आणि युफोनियम हे मोठं पितळी वाद्य वाजवणाऱ्या सयाजीला घरी बसवलं. तो आवाज म्हणे आता यंत्रातूनच निघतो. यंत्रात क्लॅरिनेटचाही आवाज होता. तेव्हापासून की-बोर्डवाला यशराज हसला, तरी आकारामला वाटायचं, हा आपल्यालाच हसतोय.

मग बँडला शिकवायला पेठ वडगावची दीप्ती आली. ती पुण्यात पाश्चात्त्य संगीत शिकलेली. हॉलमधल्या रिसेप्शनची कामं हवी असतील तर कागद बघून वाजवता आलं पाहिजे, असं बाळासोचं म्हणणं. दीप्तीनं फळ्यावर पाच रेघा ओढल्या. स्वर रेघेवर बसतो, नाहीतर दोन रेघांच्या मध्ये, आणि त्याचं नाव सी, डी, ई असं इंग्रजी अक्षर. पोकळ गोळा लांब वाजवायचा, काळा काठीवाला तोकडा. शार्पची खूण दिसली की स्वर अर्धा चढवायचा, फ्लॅटला अर्धा उतरवायचा. आकाराम मन लावून शिकला. पण कुणाला काढायचं हे ठरवायलाच ही शाळा भरवलीय, हा संशय काही जाईना.

शाहूपुरीतल्या एका रिसेप्शनची तालीम सुरू झाली आणि त्याला पुरावाच मिळाला. यशराजच्या कागदावर सुरुवातीला एकही खूण नव्हती. आकारामच्या कागदावर दोन शार्प. गाणं तेच, पण त्याचा पहिला स्वर सी, याचा डी.

"मला मुद्दाम येगळं लिवून दिलंय," तो घरी बायकोला म्हणाला. "बेसूर वाजलं की काढायला मोकळे."

"मग इचारा की त्या बाईस्नी."

"खरं सांगत्यात व्हय?"

दुसऱ्या दिवशी यशराज चहाला गेला तेव्हा आकारामनं त्याच्या कागदाचा मोबाइलवर फोटो काढला आणि तालमीत त्यावरूनच वाजवलं. पहिल्याच ओळीत असा कर्कश गोंधळ उडाला की सगळे थांबले.

"काका, काय वाजवताय?" दीप्तीनं विचारलं.

आकारामनं मोबाइल तिच्यापुढं धरला. "ह्येच वाजवतोय. मला येगळा कागद का?"

ती रागावली नाही. "तुमची क्लॅरिनेट बी-फ्लॅटची आहे. तुम्ही सी वाजवला की बाहेर बी-फ्लॅट ऐकू येतो, एक पूर्ण स्वर खाली. म्हणून तुमचं सगळं मी एक स्वर वर लिहिते." तिनं की-बोर्डवर सी दाबला.

"त्या यंत्राचं सांगू नका. बटण दाबलं की त्याचा सूर सरकतो."

त्यानं तालमीच्या खोलीतल्या माळ्यावरची जुनी बाजाची पेटी खाली काढली. क्लॅरिनेटवर सी फुंकला आणि पेटीवर तो सूर शोधू लागला. पांढरी एक, म्हणजे सीचीच पट्टी, जुळेना. जुळली ती काळी पाच. मग त्यानं डी फुंकला, तो बरोबर पांढऱ्या एकला बसला.

"काळी पाचची हाय ही, ते मला ठावं हाय," तो हळूच म्हणाला. "त्यालाच बी-फ्लॅट म्हणत्यात, हे कुणी सांगितलं न्हाई."

"मीच आधी सांगायला हवं होतं," दीप्ती म्हणाली. "आणि एक. तुमच्या जागी यंत्र चालेल का, असं बाळासोंनी मला विचारलं होतं. मी नको म्हणाले."

आकाराम दाराशी बसलेल्या बाळासोकडं वळला. "व्हय?"

बाळासोनं मान खाली घातली. "इचारलं हुतं. धंद्यात सगळं बघावं लागतंय."

"मग माझ्यासमोर इचारायचं."

रिसेप्शनला आकारामनं दोन शार्पचाच कागद वाजवला आणि सूर कुठंही फाटला नाही. जेवताना बाळासो पुढच्या ऑर्डरचं बोलू लागला. आकारामनं पुरीचा घास तसाच हातात धरून विचारलं, "कागद दीप्ती मॅडमच लिवणार न्हवं?"

"व्हय."

"मग येतो," आकाराम म्हणाला.