खोरशेदबाईंसाठी चार डोळे

वडनेरच्या कलाबाईंची भाजीची पाटी गेली एकवीस वर्षं सकाळी सर्वांत आधी उतरायची ती लॅम रोडवर, खोरशेदबाईंच्या बंगल्याच्या मागच्या खिडकीशी. खोरशेदबाई पारशी, निवृत्त नर्स. विळ्याने कापलेला कलाबाईंचा अंगठा त्यांनीच शिवला होता. जखम भरल्यावर सही करायलाही त्यांनीच शिकवलं. "अंगठा पेन धरायला असतो, शाईत बुडवायला नाही," म्हणाल्या होत्या.

पुढे कलाबाईंना मळ्याच्या बांधावर एक काळं पिल्लू सापडलं. दोन्ही डोळ्यांवर तांबूस ठिपके. त्याचं नाव पडलं बुक्क्या. खोरशेदबाई त्याला पाहून हरखल्या.

"कला, हा चार डोळ्यांचा. नीट सांभाळ. मी गेले की याला घेऊन ये."

"काय वंगाळ बोलता, बाय. आमच्यात मयताजवळ कुत्रं फिरकू देत नाय."

"आमच्यात मुद्दाम बोलावतात." मग त्यांनी सांगितलं, माणूस गेलं की नसू नावाची मरणाची राक्षसीण माशी होऊन उत्तरेकडून येते आणि देहावर बसते. इराणातली फार जुनी समजूत. कुत्र्याची, त्यातही चार डोळ्यांच्या कुत्र्याची, नजर पडली की ती पळते.

"एवढ्या नर्सबाई, अन् माशीला भिता?"

"म्हणून तर तुझी भाजी दोनदा धुते."

तेव्हापासून रोजचा नेम ठरला. कलाबाईंनी खिडकीतून हाळी द्यायची, "बाय, मेथी हाय." पाटीत वांगी असली तरी हाळी मेथीचीच. ती ऐकली की बुक्क्या पुढच्या दाराने थेट आत जायचा आणि खोरशेदबाईंच्या हातून दुधात बुडवलेला पाव खायचा.

मार्गशीर्षात एका पहाटे खोरशेदबाई गेल्या. भाचा जहांगीर याचा फोन आला तशा कलाबाई बुक्क्याला घेऊन निघाल्या. बंगल्यात पांढऱ्या कपड्यांतली पाहुणेमंडळी, चंदनाचा धूर, धर्मगुरू दस्तुरजींचं पठण. बुक्क्याने उंबऱ्यातच पाय रोवले. जहांगीरने दोरी ओढली तर खालीच बसला.

"मावशी, तुम्हाला आत नेता येत नाही," तो संकोचून म्हणाला. "परधर्मीयांनी आता पाहायचं नसतं. दुसरा कुत्रा शोधू का?"

कलाबाईंनी उंबऱ्यात बसलेल्या बुक्क्याकडे पाहिलं. बायनी जन्मात एकच गोष्ट मागितली होती, आणि तीही आता दुसऱ्याच्या हातून व्हायची?

"थांबा जरा. दोरी सोडा त्याची."

कलाबाई बंगल्याला वळसा घालून मागे गेल्या. खिडकीकडे पाठ करून, भिंतीला टेकून उभ्या राहिल्या. पदराने तोंड पुसलं आणि रोजच्यासारखी हाळी दिली.

"बाय, मेथी हाय."

आत फरशीवर नखांची टकटक झाली. मग काहीच ऐकू येईना. थोड्या वेळाने पठण पुन्हा चालू झालं.

जहांगीर मागच्या दाराने आला. त्याचे डोळे भरले होते. "अगदी जवळ जाऊन बसला. चेहऱ्याकडे एकटक बघत राहिला. रिवाजाप्रमाणे पाव ठेवलाय, पण तोंड लावत नाही."

"दुधात बुडवा," कलाबाई म्हणाल्या. "बाय तसाच द्यायच्या."

तो दूध आणायला वळला आणि पुन्हा थांबला. "मावशी, तुमचे आभार कसे मानू?"

"माझे कसले?" कलाबाईंनी अंगठ्यावरच्या जुन्या टाक्यांच्या खुणेवरून बोट फिरवलं. "तुम्ही आधी दूध न्या. भुकेला असंल तो."