सासूबाईंची डबी

मसाका शहरातल्या आमच्या केंद्रात क्षय आणि एचआयव्हीवर संशोधन कसं करायचं, हे मला शिकवलं नालोंगो केविनांनी. जुळ्यांच्या आईला आमच्याकडे नालोंगो म्हणतात, मान देतात; या बाई तो मान दरडावून वसूल करत. मूळच्या नर्स. परदेशी डॉक्टरांच्या हाताखाली शिकल्या आणि शिकलेलं आमच्यासारख्या गाढवांना वाटत सुटल्या. आज मी नव्या मुलांना जे शिकवते, ते त्यांचंच देणं आहे.

एचआयव्ही असलेल्यांच्या घरात क्षय कोणाकोणाला होतो, हा माझा पहिला अभ्यास. तो सगळा आमच्याच माणसांनी चालवायचा, असं पहिल्यांदाच ठरलं होतं. फसला तर परत परदेशी पथकाच्या हाती जाणार होता. आणि तो फसतच होता. तपासणीसाठी घरोघरी दिलेल्या डब्यांत छातीतून खोकून काढलेल्या बेडक्याऐवजी नुसती लाळ यायची. लाळेत क्षयाचे जंतू कुठून सापडणार?

"लोक ऐकतच नाहीत," मी कुरकुरले.

"चल, बघू तुझे लोक," नालोंगो म्हणाल्या.

आम्ही लवांगाच्या घरी गेलो. तो एचआयव्हीची औषधं घेणारा. त्याची सासू बुलांडिना खोकून खोकून खंगली होती, म्हणून लेकीकडे येऊन मागच्या खोपटात राहिली होती. नियमाप्रमाणे मी दोघांना अंगणात, मोकळ्या हवेत डब्या दिल्या. जावई दिसताच म्हातारीने तोंडावर कापड ओढलं, पाठ फिरवली आणि ती डबीत चटकन थुंकून मोकळी झाली.

नालोंगोंनी कपाळावर हात मारला. "अगं डॉक्टरीणबाई, तू इथलीच ना? आपल्यात सासू जावयासमोर येतसुद्धा नाही, आणि तू तिला त्याच्यादेखत घसा खाकरायला लावतेस?"

"पुस्तकात मोकळी हवा लिहिलीय."

"पुस्तक परदेशातलं, पण सासू इथलीच आहे ना? केळीच्या बागेत काय हवा नसते?"

नालोंगो म्हातारीला हाताला धरून बागेत घेऊन गेल्या. या वेळी डबीत खरा बेडका आला. जंतू सापडले, औषधं सुरू झाली. मग प्रत्येक घरी आम्ही आधी आडोसा शोधू लागलो. अभ्यास आमच्याच हाती राहिला.

काही महिन्यांनी लवांगा भाजीच्या कच्च्या केळ्यांचा भलाथोरला घड घेऊन केंद्राच्या दारात उभा राहिला. सासूचं नाव घ्यायची त्याची प्राज्ञा नव्हती.

"मागच्या खोपटातल्या बाईंनी पाठवलाय," तो खाली बघत म्हणाला. "आता खोकत नाहीत. आपल्या गावी गेल्या, शेतात राबतात."

नालोंगोंनी माझ्या हातात सुरी दिली.

"घे, सोलायला लाग. तुझ्या अभ्यासाचा पहिला निष्कर्ष आलाय."

मी केळी सोलत बसले. डोळे सारखे भरून येत होते, आणि नालोंगो म्हणत होत्या, "साल जाड काढू नकोस."