काकडं बरणीत राहिली

आमच्या ह्यांच्या उजव्या पायाचा अंगठा सुजला आणि घरातलं मटण गेलं.

सत्तरच्या दशकातली गोष्ट. भिवंडीत आम्ही दोघं दोन खोल्यांत राहायचो. भिंतीपलीकडे दिवसभर लूमचा खडखडाट, त्यामुळे बोलायचं ते ओरडूनच. मला अजूनही हळू बोलता येत नाही, ते तेव्हापासूनचं आहे.

हे कचेरीत कारकून, पण खाण्याचा थाट जहागीरदाराचा. रविवारी मटण, बुधवारी बोंबील, मधल्या वारी सुकट. पालेभाजी म्हणजे आजाऱ्याचं जेवण, असं ठाम मत. आता स्वतःच आजारी पडले! अंगठ्याला चादर लागली तरी किंचाळायचे. डॉक्टरांनी बघितलं, मटणामासळीनं वाढणारा गाऊट आहे म्हणून सांगितलं आणि मटण, कलेजी, मासळी सगळं बंद केलं. भाज्या, भाकरी, डाळी खा म्हणाले, पाणी भरपूर प्या.

"किती दिवस?" ह्यांनी विचारलं.

"श्रावण पाळता ना? मग आता बारा महिने श्रावण समजा."

हे घरी आले ते तोंड पाडून. मला हसू येत होतं, पण हसायची सोय नव्हती, कारण माघात भाचीचं लग्न होतं. भाची म्हणजे ह्यांच्या थोरल्या बहिणीची मुलगी. गणेशपुरीच्या अलीकडे त्यांचं गाव. त्यांच्यात मामानं नवरीला दोन्ही हातांवर उचलून बोहल्यापर्यंत आणायची रीत, आणि हे तिचे एकुलते एक मामा. पोर लहान असताना ह्यांच्या खांद्यावर बसून बजावायची, "मामा, माझ्या लग्नात मला पाडू नको हां!" आणि इथे मामाला स्वतःचा पाय टेकवेना.

पहिला आठवडा मी दुधी, पडवळ, पुन्हा दुधी असं चालवलं. ह्यांनी ताटाशी बोलणंच सोडलं. वन्संच्या, म्हणजे भाचीच्या आईच्या, कानावर गेलं. त्यांनी गावाहून एसटीच्या कंडक्टरकडे फडक्यात बांधून शेवळं पाठवली. रानात जमिनीतून वर येणारे जांभळट कोंब ते, खिम्यासारखे लागतात म्हणे. हे पोटलं बघून लहान मुलासारखे खुलले. शेवळांच्या जोडीला मूठभर हिरवी, गोल, आंबट फळं होती. मी नगरकडची, मला काय माहीत! मला वाटलं, बारके आवळे. मीठ लावून बरणीत भरून ठेवले आणि शेवळं छान कांदा-खोबऱ्यात परतली.

चौथ्या घासाला ह्यांचे डोळे विस्फारले. मग माझे. घशात जणू कोणी खाजकुयली चोळली! दोघंही आ वासून खोलीभर नाचलो. गूळ खाल्ला, चिंच चोखली, ताक प्यायलो. बोलता येईना म्हणून हे माझ्याकडे नुसतं बोट दाखवत राहिले. आवाज आला तेव्हा पहिलं वाक्य हेच, "यापेक्षा अंगठा परवडला!"

आणि दुसऱ्या दिवशी स्वतः जाऊन सुके बोंबील घेऊन आले. मीही तळून दिले, मेली माझीच चूक, कुठल्या तोंडानं नाही म्हणू? तिसऱ्या दिवशी सकाळी अंगठा टोमॅटोएवढा झाला.

त्याच दिवशी वन्सं बाजाराला आल्या. बरणी बघून कपाळावर हात मारला. "अगं बाई, ही काकडं हायत! शेवळांत ह्यांचा रस घातल्याबिगर खाज जात न्हाय. एवढं काय सांगाया लागतं?" त्यांच्या गावात हे कोणाला सांगावंच लागत नसे, म्हणून त्यांनी निरोपही दिला नव्हता. हसून हसून त्यांच्या डोळ्यांत पाणी आलं.

मग ह्यांचा पाय बघून हसू थांबलं. स्वयंपाकघरात येऊन मला हळूच म्हणाल्या, "वहिनी, मी चुलतभावाला सांगून ठेवलंय. भाऊला न्हाय जमलं तर तो उचलंल पोरीला." पण आमच्या घरात हळू म्हणजे ओरडूनच. बाहेर ह्यांनी ऐकलं. उरलेले बोंबील शेजारी देऊन ये म्हणाले आणि खाटेवर भिंतीकडे तोंड करून बसले. मला इतकं वाईट वाटलं की त्या घटकेला मीही मासळी सोडली. त्यांना सांगितलं मात्र नाही.

पुढे वन्सं दर बाजाराला माझ्या ओट्यापाशी बसून शिकवायच्या. टाकळा कोवळाच घ्यायचा. कंटोळी पातळ चिरून कुरकुरीत करायची. वाल मोड आणून सोलायचे, घाई करायची नाही. नाचणीची भाकरी, कुळथाचं पिठलं, फणसाची भाजी. वर्षानुवर्षं नाक मुरडलेल्या भाज्या हे मागून घ्यायला लागले. आणि मी नवी सुगरण! दिवाळीपर्यंत ह्यांच्या पट्ट्याला चांभाराकडून दोन भोकं पाडून आणली. माझी रोजची छातीतली जळजळ गेली, ती कधी गेली तेही कळलं नाही. अंगठा पुन्हा बुटात जाऊ लागला. एक दिवस हे तांदळाचं पोतं उचलून खोलीत फेऱ्या मारताना दिसले.

माघात मांडवात आम्ही उभे होतो. आदल्या दिवशी हळदीच्या जेवणातल्या मटणाकडे ह्यांनी ढुंकूनही पाहिलं नव्हतं, वालाचं बिरडं दोनदा घेतलं होतं. ह्यांनी भाचीला उचललं. चुलतभाऊ मागून हात पसरून चालत होता, उतू जाणाऱ्या दुधापाशी उभं राहावं तसा. वन्संनी पदर तोंडात धरलेला. एक एक पाऊल टाकत हे बोहल्यापर्यंत पोचले, आणि तिथेच थांबले. पोरीला खाली ठेवेचनात.

भटजी खोळंबले. लोक कुजबुजायला लागले. भाची लाजून म्हणाली, "मामा, ठेव ना खाली. मुहूर्त जाईल."

"थांब गं जरा," हे म्हणाले, आणि आवाज सगळ्या मांडवाला ऐकू गेला. "आठ महिने दुधी खाल्लाय मी तुझ्यासाठी!"