साच्याच्या रबराची रिंग

रोह्याच्या एका कंपनीनं आमच्या प्रयोगशाळेत काळ्या पावडरीच्या दोन बाटल्या पाठवल्या, एक चांगली नि एक बिघडलेली, तेव्हा मी सरांना आधीच सांगून टाकलं की माझे बाबा तिथेच ऑपरेटर आहेत आणि या पावडरीपायीच त्यांना रिअॅक्टरवरून काढून गेटवर बसवलंय. सर म्हणाले, मशीनला नातीगोती कळत नाहीत, लाव नमुने.

पावडर म्हणजे कोळशावर बसवलेलं पॅलॅडियम. रिअॅक्टरच्या टाकीत औषधाच्या कच्च्या मालातली प्रक्रिया ती घडवून आणते. यंदा मात्र चालू ड्रममधली पावडर अर्ध्यातच मान टाकायला लागली. बाबांनी रिअॅक्टर नीट धुतला नाही, असा कंपनीचा संशय. धुण्याच्या बाबतीत बाबा किती काटेकोर आहेत ते आमच्या घरच्या भांड्यांना विचारा! मला राग आला होता, आणि खरं सांगायचं तर त्यांना निर्दोष ठरवायची घाईही झाली होती.

आमचं मशीन नमुन्यावर क्ष-किरण सोडतं आणि उडून आलेल्या इलेक्ट्रॉनांची ऊर्जा मोजतं. त्यावरून वरच्या अगदी पातळ थरात कोणतं मूलद्रव्य बसलंय आणि कोणाचा हात धरून बसलंय, ते कळतं. चांगल्या पावडरीच्या आलेखात पॅलॅडियमची शिखरं जिथल्या तिथे होती. बिघडलेलीत ती किंचित सरकली होती, आणि दूर कोपऱ्यात एक बुटकं शिखर उभं होतं. गंधक, आणि तेही पॅलॅडियमला चिकटलेलं; ते चिकटलं की पॅलॅडियम निकामी होतं. ही बाटली थेट ड्रममधून भरलेली, रिअॅक्टरचं तोंडही न पाहिलेली. म्हणजे बाबा सुटले. पण बंद ड्रममध्ये गंधक शिरलं कुठून, हा किडा काही डोक्यातून जाईना.

शनिवारी पेणला घरी गेले. भात लावायला तांदळाचा डबा उघडला आणि झाकणाची रबरी रिंग हातात आली. तिच्यावर मुकुटाची नक्षी उलटी उमटलेली. मामाचा गणपतीचा कारखाना आहे. तिथले फाटलेले रबरी साचे बाबा घरी आणतात आणि नळापासून खुर्चीच्या पायापर्यंत सगळं त्यांनीच दुरुस्त करतात. रबर टिकाऊ व्हावं म्हणून त्यात गंधक घालतात, हे मला शाळेपासून पाठ होतं. रिंग तशीच हातात घेऊन बाबांकडे गेले.

बाबांना विचारलं, कंपनीत कुठे अशी रिंग बसवलीत का? ते म्हणाले, त्या ड्रमची रिंग फाटली होती, नवी येईना, पावडर ओलसर ठेवावी लागते, सुकली तर पेट घेईल म्हणून आपणच साच्याची रिंग कापून बसवली.

मी म्हटलं, रिपोर्टमध्ये मी फक्त गंधक लिहिते. ते आलं कुठून, हे काही मशीन सांगत नाही.

"मशीन नाय सांगत, पन मी सांगन ना," बाबा म्हणाले. "सोमवारी पयल्या शिफ्टलाच सांगतो."

मला रडू आलं. बाबा उठले, कात्री घेऊन आले आणि डब्याच्या रिंगचा बोटभर तुकडा कापून त्यांनी माझ्या हातावर ठेवला.

"चांगली पावडर नि ह्यो तुकडा एका बरनीत बंद करून ठेव, बाय. मंग लाव मशीनला. हिनंच केलं का, ते मला बी कळाय हवं."

तांदळाच्या डब्याला त्या दिवसापासून रिंग नाही.